भरणीचा मंगळवार

सोलांजनं बाविसाव्या पिंपातला घोट तोंडात घोळवला, फरशीवर थुंकला आणि रिकामा पेला उपडा धरून ती उभी राहिली. तळघराच्या दगडांतला गारवा फुल्क्रांच्या गुडघ्यांत उतरत होता. चौतीस वर्षं तो या अंधारात वाइनची पिंपं सांभाळत वावरला होता. अंधारही परका होऊ शकतो, हे त्याला आज कळत होतं.

"सगळी आंबट पडलीत," ती म्हणाली. "बावीसच्या बावीस. नेलपॉलिशसारखा वास मारतोय."

फुल्क्रां पिंपाच्या बुचाकडे पाहत राहिला. ज्या मुलखाची वाइन एके काळी टँकरांत भरून बिननावाची जायची, तिथल्या या एका उतारावरच्या 'पेरसेश' वाइनसाठी आता तोक्योची माणसं सहा-सहा वर्षं वाट पाहत. पिंपाचं लाकूड वाइन पीत राहतं. पडलेली पोकळी दर मंगळवारी धाकट्या पिंपातून भरून काढायची. म्हाताऱ्या मालकांचा, सोलांजच्या वडलांचा, दंडक एकच होता: आधी धाकटं पिंप हुंगायचं, मगच ओतायचं; ते आंबलेलं निघालं तर बाकीचीही नासतात.

तो हुंगत आला होता. एकही मंगळवार न चुकता, डोळे मिटून.

सोलांज वर गेली आणि एक भरलेला पेला घेऊन परतली. मिणमिणत्या दिव्याखाली त्यातला रंग गर्द होता.

"हे सांगा."

त्यानं पेला हलकेच फिरवला, नाकाशी नेला. आत काहीच नव्हतं. नुसती कोरी, थंड हवा.

"थाइम," तो सावकाश म्हणाला. "काळी ऑलिव्ह. पावसानंतरचा दगड. अजून दहा वर्षं मुरू दे हिला."

"हे बाबांचे शब्द झाले." तिचा आवाज फार हळू होता. "ब्लॅकबेरीचं सरबत आहे ते, फुल्क्रांकाका. नळाच्या पाण्यातलं. मी लहानपणी त्या पिंपावर पाय हलवत बसायचे, तेव्हा तुम्हीच करून द्यायचात."

तो ते प्यायला. जिभेला गोडवा लागला, बेवारशी, कुठल्याच फळाचा नसलेला.

"कधीपासून?"

"जानेवारीतल्या तापापासून."

"नऊ महिने? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"वाटलं, रानात थाइम फुलला की वास येईल परत. रोज सकाळी जाऊन पानं चुरडायचो हातावर." त्यानं तळवा पाहिला. "तुझे बाबा म्हणायचे, या फुल्क्रांचं नाक विकलं तर अख्खी टेकडी विकत घेता येईल. माझ्याकडं दुसरं होतं काय, पोरी?"

"या बावीस पिंपांत बाबांची शेवटची द्राक्षतोडणी होती."

"ठाऊक आहे. मीच वाहिल्या होत्या टोपल्या."

कुठेतरी एक थेंब पडला.

"पिंपं रिकामी करावी लागतील," तो म्हणाला. "घासावी लागतील. त्याला नाक लागत नाही. तेवढ्यापुरता येऊ ना मी? उद्या सकाळी?"

सोलांजनं त्याच्या हातातला पेला घेतला. काठाशी नाक नेऊन एकदा खोल हुंगला, डोळे मिटून, अगदी तो हुंगायचा तसा. मग ती वळली आणि पायऱ्या चढून गेली.