बेंबी बसवणारी लोटी

मी एक पितळी लोटी बोलतेय, आणि आधीच कबूल करते, मी मूर्ख आहे. चाळीस वर्षं मी स्वतःला वैद्य समजत होते.

परतवाड्याच्या बाजारातून केशरबाईनं मला चांदूर बाजारला आणलं. कुणाचं पोट दुखलं की ती म्हणायची, बेंबी सरकली. बेंबीवर पेटता दिवा ठेवायचा, वर मला पालथं घालायचं. दिवा विझला की मी पोटाला गच्च चिकटायची. गॅसनं दुखणारं पोट तसंही तासाभरात थांबतं, पण नाव माझं व्हायचं. न घासताही चकाकायची मी!

मग एका गुरुवारी सकाळी तिची नात आकांक्षा, वय वर्षं दहा, उजवीकडे ओटीपोट धरून वाकली. अचानक कळ, मागोमाग उलटी.

केशरबाईनं मला लावलं. कळ ओसरली. "पाह्य, बसली बेंबी!"

दुपारी पुन्हा कळ, पुन्हा मी. संध्याकाळी तेच.

"आई, दवाखान्यात नेऊ का?" सून कौशल्या म्हणाली.

"काहून? शहानी होऊन राहिली अशीन पोर, पाळी येत अशीन."

शुक्रवारी दुपारी पोर उभीच राहीना, तेव्हा अमरावती गाठली. मी पिशवीत, पाण्यासाठी. डॉक्टर शाइस्तांनी पोट पाहिलं. बेंबीभोवती लाल गोल.

"हे काय?"

"लोटी लावली."

"किती वेळा?"

"तीन."

सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "उजव्या अंडाशयाला पीळ पडलाय. रक्त पोचत नाहीये. अशात कळ आपोआप येते-जाते. कालच आणायला हवं होतं."

लगेच ऑपरेशन. दुर्बिणीतून पीळ सोडवला. "काळं पडलंय, तरी काढलं नाही. कधी कधी जगतं. तीन महिन्यांनी पाहू."

तीन महिने केशरबाईनं मला हात लावला नाही. मग पुन्हा सोनोग्राफी. उजवं सुकून गेलेलं. डावं चांगलं आहे, पुढं लेकरं होतील, असं डॉक्टर म्हणाल्या. केशरबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली, ती उठेचना.

आता मी मोरीत असते, काळवंडलेली. बायांनो, पोरीच्या पोटात एकाएकी कळ आली, उलटी झाली, तर माझ्यासारखीला शोधू नका. कळ थांबली तरी गाडी काढा.

काल आकांक्षानं पाय धुवायला मला उचललं. मी म्हटलं, "पोरी, मला माफ कर."

पायावर पाणी ओतत ती म्हणाली, "तुले काय माफ करू? तू तं लोटी होतीस. बाकीचे मानसं होते."