बाराच्या आतली खीर

मी गंज बोलतोय. पुण्याकडचे मला पातेलं म्हणतील, इथे जयपुरात हिंदीत ‘पतीला’ म्हणतात. पण भंडाऱ्याच्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं, ते पितळेचा गंज म्हणून, आणि मी गंजच राहिलो. एवढा ताठा म्हाताऱ्या भांड्याला शोभतो!

तारामतीबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मला विकत घेतलं. माझं काम एकच, पौर्णिमेची खीर. त्या दिवशी बाई पांढरी साडी नेसायच्या, वंदना म्हणायच्या आणि आठ शीलं पाळायच्या. त्यातलं एक मला तोंडपाठ आहे, कारण माझा त्याच्याशी थेट संबंध येतो: मध्यान्हीनंतर जेवायचं नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. म्हणून अकराच्या सुमाराला मी उकळून मोकळा झालेलो असायचो.

वैशाख पौर्णिमेची तर बातच और. बुद्धांचा जन्म याच दिवशी, ज्ञानप्राप्ती याच दिवशी आणि महापरिनिर्वाणही. ज्ञान व्हायच्या आधी सुजाताने त्यांना खीर दिली होती. ही गोष्ट बाई दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी माझी छाती फुगते. भांड्याला छाती कुठली, पोट म्हणा.

यजमान नागनाथराव वारल्यावर बाई मुलाकडे, संग्रामकडे, जयपूरला आल्या. सोबत मी. इथे मुरलीपुरा वस्तीतल्या घरात काळ्या, गुळगुळीत, नाजूक भांड्यांचं राज्य. ती एक ओरखडा सोसत नाहीत आणि मान मात्र केवढा! मी माळ्यावर गेलो. पौर्णिमेला खाली, दुसऱ्या दिवशी वर. कधी कधी बाईंचे गुडघे दुखत, तेव्हा तेही नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला मात्र नात उत्कर्षा मला खाली काढायला स्वतः स्टुलावर चढली. ती नववीत आहे. "आजी, या वेळी खीर मी बनवणार. तू किचनमध्ये यायचंच नाही," असं तिने आदल्या दिवशीच बजावलं होतं. संग्राम आणि सूनबाई सकाळीच विहारात सजावटीला गेले. ऊन फार म्हणून बाई घरीच राहिल्या. वंदना झाली, त्या ध्यानाला बसल्या. वैशाखीला त्यांचं जेवण एकच, माझ्यातली खीर. त्याआधी फक्त पाणी.

साडेअकराला बाई बाहेर आल्या. मी ओट्यावर रिकामा, लख्ख, थंड.

"झाली का वं खीर?"

"अभी से?" उत्कर्षा हसली. "आजी, चाँद तर संध्याकाळी निघेल ना! तेव्हाच तर तुझा उपवास सुटणार."

तिची चूक तरी काय? समोरच्या अवनीची आई पौर्णिमेचा उपवास चंद्र बघून सोडते. एरवी आजीची खीर व्हायची तेव्हा पोरगी शाळेत असायची, म्हणून तिने तेवढंच पाहिलं होतं. बाईंनी नीट समजावून सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मतलब बारानंतर तू काहीच खाणार नाहीस? उद्यापर्यंत? डॉक्टरांनी उपाशी राहायचं नाही म्हटलंय!"

"मले काई होत नाही. उद्या सकाळी खाईन."

मे महिना, बाहेर भट्टी, आणि बाई बहात्तर वर्षांच्या.

उत्कर्षाने मला शेगडीवर ठेवलं, दूध ओतलं आणि समोरच्या घरी धावत सुटली. परत आली ती अवनीच्या आईला घेऊनच. "तांदूळ कधी शिजणार, बेटा? हा घे आमच्या कुकरमधला भात," त्या हिंदीत म्हणाल्या आणि भात घोटायलाही बसल्या. मी उभ्या आयुष्यात एवढ्या घाईने तापलो नव्हतो. तरी दूध वर आलं, तेव्हा घड्याळात बारा वाजले होते.

"असू दे, बाळा," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच उत्कर्षाला रडू आलं.

रडता रडता ती एकदम थांबली. "आजी! शाळेतून जंतर मंतरला गेलो होतो ना, तिथे गाईडभैयाने दाखवलं होतं. जयपूरची दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही. सूर्य डोक्यावर यायला अजून वीस मिनिटं तरी आहेत!"

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. शीलात पळवाट शोधायची नसते, हे त्या नजरेत स्पष्ट होतं. मग त्यांनी माझा लांब दांड्याचा डाव उचलला, अंगणात गेल्या आणि तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत उभा रोवला. उत्कर्षाने सावलीच्या टोकाला खडूने रेघ मारली. थोड्या वेळाने पाहिलं, तर सावली रेघेच्या आत सरकली होती.

"लहान होते आहे," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे दुपार व्हाची आहे. माह्या सासूबाईकडे कुठं होतं घड्याळ? त्या बी सावलीच पाहत."

मग काय विचारता! साखर पडली, वेलची पडली. मला गार पाण्याच्या परातीत बसवलं, तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. बुद्धमूर्तीपुढे वाटी ठेवून झाली आणि बाईंनी पहिला घास घेतला. सावली तेव्हाही आखडतच होती. खीर जरा पातळ होती, भात कुठे कुठे गोळा झाला होता. बाईंनी दोन वाट्या खाल्ल्या.

"उत्कर्षा, सुजाताची खीर याहून बरी असंन का, मले शंका आहे," त्या म्हणाल्या. पोरगी हसली आणि पुन्हा रडली.

माझ्या तळाशी थोडी खीर उरली होती. संध्याकाळी घरांच्या गच्च्यांवर पूर्ण चंद्र आला, तेव्हा उत्कर्षा मला दोन्ही हातांनी धरून समोरच्या घरी घेऊन गेली. अवनीच्या आईने चंद्राला हात जोडले आणि माझ्यातल्या खिरीने उपवास सोडला. दोघींचे उपवास दोन टोकांचे, आणि पोट माझं एकच!

तेव्हापासून मी माळ्यावर गेलेलो नाही. नॉनस्टिक मंडळी जरा सरकून बसली आहेत. अंगणात खडूची रेघ अजून पुसट दिसते. आता ज्येष्ठ पौर्णिमा जवळ आली आहे. माझं मागणं थोडंच आहे: एकदा कल्हई करून आणा आणि त्या दिवशी, उत्कर्षाबाई, मला जरा लवकर शेगडीवर चढवा.