टाकीवरची टकटक

सिनेमाचं परीक्षण संध्याकाळी छपाईला पाठवायचं होतं आणि पुरवणीचे संपादक एकाच वाक्यावर अडून बसले होते. ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणत.

"शेवटी ती बाई गुडघे टेकून टाकीवर बोटं वाजवते. त्याचा अर्थ तू दिलाच नाहीस."

"दिलाय की. पाणी संपलंय," समीक्षिका म्हणाली.

"ते झालं पाणी. प्रतीक कुठाय?"

सिनेमा ऑस्ट्रेलियातला, कोरड्या माळावरच्या एका घराचा. मुलगा वारलेला, नवरा अबोल. पत्र्याच्या टाकीत छपरावरून आलेलं पावसाचं पाणी साठवायचं, तेवढ्यावरच घर चालायचं. बाई रोज टाकीवर वरून खाली टकटक करत जाते. पोकळ आवाज जिथं भरीव होतो, तिथवर पाणी. दर वेळी बोटं आणखी खाली जातात. अखेर जमिनीपर्यंत आवाज पोकळच. मग घराला कुलूप.

आधी समीक्षिकेलाही ही टकटक म्हणजे मेलेल्या मुलाला घातलेली साद वाटली होती. तसं लिहूनही झालं होतं. तिकडेच मेंढ्या पाळणाऱ्या थोरल्या बहिणीला तिनं ते फोनवर वाचून दाखवलं, तर ती हसतच सुटली. "अगं वेडे, तुझे दाजी रोज हेच करतात. आमचं पाणी गुडघ्याशी आलंय." मग हसू आवरून म्हणाली, "नीट लिही हं. आमचं नाक कापू नकोस."

तिनं सगळं खोडून पुन्हा लिहिलं होतं.

"भाऊ, तिथं नळ नाहीत. टाकी आटली की घर सोडायचं. सिनेमा तेवढाच आहे, आणि तेवढा पुरेसा आहे."

"वाचकाला नळ नकोत गं. काहीतरी खोल हवं."

"टाकी खोलच आहे."

संगणकावर पुरवणीचं पान लावणारा फिसकन हसला. भाऊ हसले नाहीत.

"खाली नाव माझं आहे, भाऊ."

"आणि पान माझं."

सकाळी मथळा होता, ‘आईपणाच्या रित्या गाभाऱ्यावर थाप’. पाण्याचा परिच्छेद जागेअभावी गेला होता. नाव मात्र ठळक होतं.

दुपारी बहिणीचा फोन आला. "वाचलं. गाभारा झकास."

"ताई, ते मी नाही लिहिलेलं."

"नाव तर तुझंच आहे."

फोनमधून, बहिणीच्या मागून पत्र्यावर टकटक ऐकू येत होती.

"थांब जरा. तुझे दाजी गाभाऱ्याला विचारताहेत."

टकटक खाली सरकत गेली. दोघी बहिणी ऐकत राहिल्या. आवाज बदलेना.

"ठेवते गं," बहीण म्हणाली.