सदतीस

शोकसभेत बोलायचं तिने ठरवलं होतं, आणि काय बोलायचं तेही. शेवटच्या आजारात बाबा आईलाही ओळखेनासे झाले, आरशातल्या माणसाला 'बसा' म्हणू लागले. पण लेक दारात दिसली की चेहरा उजळायचा. "आली माझी सदतीस!" एवढंच ती सांगणार होती.

बाबांचा जन्म एका आकड्यापायी गेला होता. एक भागिले एकशे सदतीस, जवळजवळ तेवढा. विजेचा आणि प्रकाशाचा लागाबांधा किती घट्ट, ते सांगणारा. त्याला एककच नाही. मीटर बदला, किलो बदला, परग्रहावरच्या कुणाला मोजायला बसवा, उत्तर तेच. अतिदूरच्या दीर्घिकांतून आलेल्या जुन्यापुराण्या प्रकाशात तो केसभर तरी वेगळा होता का, हेच बाबा तपासत राहिले. लहानपणी तिला मांडीवर घेऊन म्हणायचे, "सगळं जग बदलू दे, तू माझी सदतीस."

विद्यापीठातल्या त्यांच्या भौतिकशास्त्र विभागाच्या सभागृहात पंखे घरघरत होते. बाबांचा जुना विद्यार्थी, आता टक्कल पडलेला प्राध्यापक, माइकपाशी आला.

"पहिल्या दिवशी सर म्हणाले, ये रे सदतीस! मी असा फुशारलो! मग कळलं, शिपाईमामाही सदतीस, कॅन्टीनवालाही सदतीस."

सभागृह हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, मीसुद्धा!"

तिने शेजारी पाहिलं. आईही रुमाल तोंडाला लावून हसत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"अगं, नावं कुठे राहायची त्यांच्या डोक्यात? नाव आठवलं नाही की सदतीस. मेले आकडे तेवढे पाठ."

"मग दवाखान्यात मला..."

आईचं हसू विरलं. तिने लेकीचा हात धरला. "लहानपणी लाडानंच म्हणायचे गं," एवढंच म्हणाली.

"आता सरांची कन्या दोन शब्द बोलेल."

लिहून आणलेला कागद तिने पर्समध्येच राहू दिला. माइकसमोर उभी राहिली आणि टेबलावरच्या बाबांच्या फोटोकडे बघत तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग त्यांचं, मग आडनाव. एकेक शब्द सुटा, नव्या माणसाला ओळख करून द्यावी तसा.

मग खाली येऊन बसली.