पानावरचं नाव

डिपार्टमेंटचं प्रमुखपद. वीस वर्षं मँचेस्टरमध्ये काढून जयंतच्या पदरात पडायचं राहिलं होतं ते एवढंच. पूर्वीला हवी होती नुसती वर्क परमिटची मुदतवाढ, पण त्या अर्जावर सही जयंतची. म्हणून मीटिंगच्या नोंदी ती घ्यायची आणि छाप त्याची पडायची. पुण्याची मुलगी, सवयीने ‘सर’ म्हणायची. अगं, नुसतं जयंत म्हण, इथे सगळे सारखे, असं सांगून तो तिलाच कॉफी आणायला पाठवायचा.

त्या वर्षी ऑफिसने नोंदींसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं. एकाने लिहिलं की सगळ्यांच्या स्क्रीनवर, शेजारी लिहिणाऱ्याचं नाव. ट्रेनिंगला जयंतने दांडी मारली. मीटिंगमध्ये तो तिच्या कानाशी मराठीत पुटपुटायचा, ती स्वतःच्या वेगळ्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांत सगळं उतरवून घ्यायची आणि मागाहून त्याचं सभ्य इंग्रजी करून सॉफ्टवेअरवर टाकायची. एका शुक्रवारी त्याला ट्राम गाठायची होती. आहे तसंच टाक, म्हणाला.

“सर, ते सगळ्यांना दिसतं.”

“दिसू दे. मराठी वाचतंय कोण इथे?”

त्यांच्याच डिपार्टमेंटमधला समर वाचत होता. लेस्टरमध्ये जन्मलेला, पण मराठी आजीच्या हाताखाली वाढलेला. ‘हेलनबाईला बजेटमधलं ओ की ठो कळत नाही’ हे वाचून तो खो खो हसला. डायरेक्टर हेलनने कारण विचारलं, तेव्हा त्याने अर्थ सांगितला, अगदी चोख.

चौकशीच्या आधी जयंतने पूर्वीला जिन्यात गाठलं. तू गप्प राहा, परमिटचं मी बघतो, म्हणाला. ती गप्प राहिली. आत त्याने पानावरच्या नावाकडे बोट दाखवलं. समर मीटिंगमध्ये त्याच्या शेजारीच बसायचा, सगळं पुटपुटणं त्याने ऐकलेलं. शब्द नक्की कुणाचे, असं हेलनने विचारल्यावर तो म्हणाला, “माझं मराठी तेवढं चांगलं नाही.”

या चौकशीच्या नोंदी पूर्वीनेच टाइप केल्या. ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाला धड येत नव्हतं.

प्रमुख झाल्यावर जयंतने परमिटचं बघितलं: अर्जावर ‘शिफारस नाही’ लिहून सही केली. हेलनला पूर्वीकडून लेखी माफी मिळाली. समरला खिडकीजवळचं, हीटरशेजारचं टेबल मिळालं. ते टेबल पूर्वीचं होतं, आणि पुण्याचं परतीचं विमानही तिचंच.