फेडेरेसी आत्याने माझे पाकीट पाहिले

मी एक जुनी पिवळी गोळी आहे, मित्रांनो. नाव मिथाइलडोपा, काम रक्तदाब उतरवण्याचे. नव्या गोळ्या आल्या आणि बड्या दवाखान्यांनी मला अडगळीत टाकले. आमच्या मसाका गावात मात्र माझा मान टिकला. इथे गरोदर बाईचा रक्तदाब वाढला, की आधी माझीच आठवण होते.

गावातली लग्नाला आलेली नाबुकेरा मात्र गरोदर नव्हती. गुडघे टेकून वडीलधाऱ्यांना अभिवादन केले आणि उठली, की तिचे काळीज धडधडे, हात कापत आणि ती कोसळे. लोक म्हणत, बाहेरची बाधा आहे. डॉक्टर मुकालाझींनी तिची नाडी आधी निजवून आणि मग उभे करून मोजली.

"काळीज ठणठणीत आहे, पोरी," ते म्हणाले. "त्याला हाकणाऱ्या नसा उगाच चाबूक ओढतात. ही जुनी गोळी त्यांना आवरेल."

मी आवरलेही. अभिमानाने सांगते, महिनाभर ती एकदाही पडली नाही.

पंधरवड्यावर तिच्या लग्नमागणीची क्वांजुला आली. त्या दिवशी वराकडची मंडळी घरी येतात आणि वधू सगळ्यांसमोर गुडघे टेकते. तिथे पडली असती, तर 'मुलगी आजारी आहे' म्हणत पाहुणे उठून गेले असते. नेमके तेव्हाच तिला पाहुण्यांसमोर मिरवत आणणार असलेल्या फेडेरेसी आत्याला माझे पाकीट सापडले.

"कितवा महिना?"

"आत्या, तसं काही नाही हो. नसांसाठी आहे ती."

"मला शिकवतेस? तीन बाळंतपणं याच गोळीवर काढलीत मी. तुझ्या नसा आता लाथाही मारतील!"

पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आत्याने मला कनवटीला लावले. चौथ्या सकाळी नाबुकेरा तिलाच अभिवादन करून उठली आणि जमिनीवर आदळली.  आत्या मला घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली आणि खाली मान घालून परतली.

"घे बाई," ती म्हणाली. "माझंच चुकलं. विचारायला हवं होतं."

मित्रांनो, कुणाच्या हातातली गोळी पाहून त्याचे दुखणे ठरवू नका. आणि कुणाचे औषध परस्पर बंद तर मुळीच करू नका.

क्वांजुलाच्या दिवशी नाबुकेराने गुडघे टेकले. आत्या सावरायला बाजूला होती. नाबुकेरा उठली आणि ताठ उभी राहिली. मांडवभर टाळ्या पडल्या, त्या सगळ्या नवरीसाठी. माझे नाव कुणीच घेतले नाही. न का घेईनात! ती उभी होती, तेव्हा तिच्या रक्तात मी होते.