इंजिनासमोर कुणीच नाही

पैज जिन्यात लागली आणि माझ्याच तोंडामुळे लागली, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमच्या इमारतीत तळमजल्याला दोन दुकानं आहेत. एक माझं, कुलपं आणि किल्ल्यांचं. दुसरं फोटो स्टुडिओ. स्टुडिओवाल्याला मी डार्करूम म्हणतो आणि आता सगळेच म्हणतात, कारण त्या माणसाच्या तोंडावर दिवा लागलेला कुणी पाहिलेला नाही. सात वर्षांपूर्वी त्यानं एवढी लांब पाटी लावली की माझ्या पाटीतलं ‘किल्ल्या’ तिच्यामागे गेलं आणि बाहेर फक्त ‘बनवून मिळतील’ उरलं. लोक विचारायचे, काय बनवून मिळेल? मी डार्करूमकडे बोट दाखवायचो आणि म्हणायचो, लोकांना बनवून मिळेल, त्या दुकानात, कधीही.

मग मी त्याच्या शटरवर कागद चिकटवला, ‘मालक हसायला शिकायला गेले आहेत, सहा महिने लागतील’. त्यानं सूड घेतला माझ्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये. आता खरं सांगायचं तर प्रत्येक फोटोत मी कुणा ना कुणाच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगं धरली होती. पण म्हणून बापालाच कापायचं? एकशे चाळीस फोटो, आणि मी एकाही फोटोत नाही. एका ठिकाणी माझं कोपर राहिलंय. मुलीच्या लग्नाला बाप गैरहजर, कोपर हजर. तेव्हापासून मी त्याला अरेतुरे करतो आणि तो मला तुम्ही म्हणतो. त्याचं ‘तुम्ही’ असं असतं की त्यापेक्षा शिवी बरी.

तर त्या रविवारी तो जिन्यात बाईंशी बोलत होता. बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. इमारतीतलं कुठलंही भांडण शेवटी त्यांच्याच दारात जातं.

“रेल्वे संग्रहालयाच्या मॅडमनी गुरुवार दिलाय, दहा ते अकरा,” तो सांगत होता. “सगळ्यात जुन्या वाफेच्या इंजिनाचा फोटो. पसंत पडला तर प्रवेशद्वाराच्या भिंतीवर लावतील, आणि बाकीच्या बावीस इंजिनांचं कामही मलाच.”

“आणि पसंत नाही पडला तर?” मी खालून विचारलं.

त्यानं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. “तर महिनाअखेरीला शटर खाली. हल्ली फोटो काढायला स्टुडिओत येतंय कोण? बायकोला सांगून ठेवलंय, तिच्या भावाच्या गावी जाऊ. तुमची पाटी अख्खी दिसेल, खूश व्हा.”

“झालोच.”

“मॅडमची अट काही?” बाईंनी विचारलं.

“एकच. फोटोत इंजिन हवं, माणूस नको. आणि माझ्यासाठी लोकांना अडवणार नाहीत.”

मी मोठ्यानं हसलो. “सुट्ट्या चालू आहेत. तिथं पाय ठेवायला जागा नसते. तुझ्या फोटोत इंजिन शोधावं लागेल.”

“एकही माणूस येणार नाही. आणि मी कुणालाही बाजूला व्हा म्हणणार नाही.”

“लाव पैज.”

“तुमच्याशी मी बोलायचंही टाळतो,” तो म्हणाला. “पण पैज लावतो.”

तोवर अर्धी इमारत जिन्यात जमली होती. अटी बाईंनी ठरवल्या. फोटोत माणूस दिसला तर तो हरला, नाही दिसला तर मी. हरणाऱ्यानं एक अख्खा रविवार जिंकणाऱ्याच्या दुकानासमोर स्टुलावर बसायचं, गळ्यात पाटी अडकवून. पाटीवर काय लिहायचं ते जिंकणारा ठरवणार. येणारा-जाणारा जे विचारेल त्याचं उत्तर द्यायचं, आणि खरं द्यायचं.

“खरं द्यायचं,” बाई माझ्याकडे बघून दुसऱ्यांदा म्हणाल्या.

रात्री जेवताना बायको म्हणाली, “त्याचं दुकान जाईल रे.”

“जाऊ दे.”

“तू तिथं जाऊन काहीतरी करणार आहेस.”

“मी संग्रहालय बघायला जाणार आहे. ज्ञान वाढवायला.”

“वाईट आहेस तू.”

“वाईट नाही गं, खट्याळ.”

“खट्याळ दहा वर्षांचं पोर असतं. तू बावन्न वर्षांचा आहेस,” ती म्हणाली आणि माझ्यासमोरचं पातेलं उचलून आत घेऊन गेली. मला अजून वाढून घ्यायचं होतं.

गुरुवारी मी फौज घेऊन गेलो. इस्त्रीवाला, माझा मेहुणा, आणि समोरच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या काकू. काकूंना डार्करूमशी काही वैर नव्हतं, पण तिकीट मी काढणार म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

इंजिन एका लांबच लांब शेडमध्ये होतं. वर उंचावर धुळकट काचा, त्यातून येईल तेवढाच उजेड. खरं सांगतो, धूड बघून मीसुद्धा मान वर करून बघत राहिलो. काळंभोर, चाकं माझ्या खांद्याइतकी उंच, चाकांना जोडणारे लाल दांडे माझ्या मांडीएवढे जाड. तेलाचा आणि ताज्या रंगाचा वास. मागच्या डब्यात कोळसा रचलेला. मेहुण्यानं एक खडा उचलून बघितला तर तो हलेना.

“चिकटवलाय,” पहारेकरी म्हणाला. “लोक खिशात घालून न्यायचे. आता वरून लाखपण मारलीय. चला, साखळीपाशी थांबू नका, पुढे चला.” हे तो दर अर्ध्या मिनिटाला कुणाला ना कुणाला म्हणत होता. थांबला कुणी की शिट्टी. गर्दीच तेवढी होती.

डार्करूम समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. तिपाईवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर तो एक काळी काच बसवत होता. वेल्डिंगवाले डोळ्यांसमोर धरतात तशी काळी.

“कॅमेऱ्याला ऊन लागतंय का रे?” मी विचारलं. इस्त्रीवाला खो खो हसला.

त्यानं आमची चौघांची मोजदाद केली. चेहरा आधीच पडलेला, तो आणखी पडला. मग तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात, जवळजवळ विनवणी केल्यासारखा बोलला.

“हे बघा. तुम्ही समोर येणार हे मला माहीत होतं. या. हवं तर साखळीसमोर उभे राहा. पण एक कृपा करा, उभे राहा म्हणजे उभेच राहा. हलू नका. एका जागी असलात तर मी नंतर काहीतरी करून तुम्हाला काढू शकेन. हललात तर माझं सगळं बिघडेल.”

माझ्यासारख्या माणसाला असं सांगायचं म्हणजे मांजराच्या हातात दुधाचं पातेलं देऊन झाकण तेवढं लावून ठेव म्हणण्यासारखं. मी फौजेकडे वळलो.

“ऐकलंत? कुणीही थांबायचं नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाय दुखले तरी थांबायचं नाही.”

आणि आम्ही सुरू झालो. इस्त्रीवाला झपाझप चालत होता, इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा डोक्यावर असल्यासारखा. मेहुणा वाकून चालत होता, का ते त्यालाच माहीत. मी इंजिनाच्या नाकासमोर नाचत होतो. पांढराशुभ्र सदरा मुद्दाम घातला होता, उठून दिसावा म्हणून. हात वर, हात खाली, गिरकी. दोन पोरी मला बघून हसल्या आणि पहारेकऱ्यानं त्यांना पुढे हाकललं. मला काही बोलला नाही, कारण मी थांबत नव्हतो.

कॅमेऱ्यानं एकदा ‘टिक’ केलं, मग काहीच नाही. डार्करूम घड्याळाकडे बघत उभा. बऱ्याच वेळानं पुन्हा ‘टिक’. मला वाटलं, बिचारा, दोन माणसांच्या मधली फट शोधतोय. मी फट ठेवतोय होय.

तिसऱ्या खेपेला काकू दमल्या. इंजिनासमोर, साखळीच्या अलीकडे, एक लाकडी बाक आहे. त्या त्यावर टेकल्या आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. म्हाताऱ्या बाईला पहारेकरी काय बोलणार.

माझं लक्ष डार्करूमकडे गेलं. त्याचा चेहरा पांढराफटक. हात कॅमेऱ्याकडे गेला, मागे आला. ओठ हलले पण आवाज नाही. कुणालाही बाजूला व्हा म्हणायचं नाही ही त्याचीच अट. मला वाटलं, हा आता रडतो. 

आणि मी काय करावं? मी काकूंकडे धावलो आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

“अहो काकू, बसताय काय? चालायचं ठरलंय ना?”

“गुडघे गेले रे माझे. पाच मिनिटं बसू दे.”

“एक मिनिटसुद्धा नाही. चला, इकडून तिकडे.”

“मेल्या, तिकिटाचे पैसे वसूल करतोस का?” असं म्हणत त्या लंगडत निघाल्या. डार्करूमनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मी समजलो, खचला.

अकराला त्यानं सामान आवरलं. जाताना माझ्यासमोर थांबला. “मेहनत घेतलीत,” एवढंच म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी बाईंच्या घरी फोटो उघडायचा ठरला. खोलीत पंधरा-वीस माणसं, मी सगळ्यांत पुढे. बायको दाराशी, माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती. डार्करूमनं सुरळी उलगडून टेबलावर पसरली.

इंजिन होतं. चाकं, दांडे, चिकटवलेला कोळसा, साखळी, रिकामा बाक. माणूस एक नाही. मी नाही, मेहुणा नाही, काकू नाहीत, सुट्टीवर आलेली ती अख्खी जत्रा नाही. जणू शेडचं दार आमच्यासाठी उघडलंच नव्हतं.

“हा दुसऱ्या दिवशीचा आहे,” मी म्हणालो. “चोरून काढलाय.”

त्यानं कॅमेरा बाईंच्या पुढ्यात ठेवला. वार, तारीख, वेळ, सगळं तिथं लिहिलेलं. गुरुवार, दहा वाजून चाळीस.

“चार मिनिटं कॅमेऱ्याचा डोळा उघडा होता,” तो बाईंना सांगू लागला, मला नाही. “काळ्या काचेमुळे उजेड थेंब थेंब आत जातो. जे चार मिनिटं जागेवर होतं ते उमटलं. जे हललं ते उमटायच्या आधीच निघून गेलं. हे गृहस्थ नुसते उभे राहिले असते तरी जिंकले असते.”

कुणीतरी फस्सकन हसलं. मला वाटतं इस्त्रीवाला.

“आणि मी बसले तेव्हा?” काकूंनी विचारलं.

“तुम्ही बसून राहिला असतात, काकू, तर तुम्ही फोटोत आणि मी बायकोच्या भावाच्या गावी. मी तिथं उभ्या उभ्या घामानं भिजलो होतो. देव भलं करो, ह्यांनी तुम्हाला उठवलं.”

काकू माझ्याकडे वळल्या. त्या नजरेनं कोळशाशिवाय इस्त्री झाली असती.

मी फोटोवर नाक टेकवलं आणि मला सापडलं. इंजिनाच्या नाकासमोर, उजव्या बाजूला, पांढरट धुकं होतं. “हा बघा मी. हा माझा सदरा. माणूस आहे फोटोत, हरला हा.”

बाईंनी भिंग घेतलं. धुक्यावरून ते दोनदा फिरवून त्या म्हणाल्या, “डोळे?”

“डोळे नाहीत, पण...”

“नाक? कान? हात?”

“बाई, मी त्या जागी अर्धा तास नाचलोय.”

“नाचला असशील. मला विचारलंय ते फोटोत माणूस आहे का. इथं वाफ आहे.”

“मॅडमही तेच म्हणाल्या,” डार्करूम म्हणाला. “काल दाखवला त्यांना. म्हणाल्या, इतकी वर्षं थंड पडलेल्या इंजिनातून वाफ निघतेय असं वाटतं. तेवढ्यासाठीच पसंत केला. बावीस इंजिनांचं पत्र सोमवारी येतंय.”

मी बायकोकडे बघितलं. ती पुढे आली, चष्मा लावला, धुकं नीट न्याहाळलं.

“तू नाहीस हा,” ती म्हणाली, आणि घरी गेली.

रविवारी सकाळी नऊला मी स्टुलावर बसलो. डार्करूमनं शेजारी फोटो लावला होता, दारातून दिसेल असा, आणि माझ्या गळ्यात पाटी घातली. अक्षर छापल्यासारखं. ‘या फोटोत हा माणूस आहे. सापडला तर आत येऊन सांगा.’

आता तुम्हीच सांगा, अशी पाटी वाचून कोण थांबणार नाही? लोक थांबायचे, फोटो बघायचे, मला बघायचे, विचारायचे, कुठे आहात हो? आणि मला खरं सांगावं लागायचं. वाफेत. वाफेत कसे? नाचत होतो. का नाचत होता? शेजाऱ्याचं दुकान बंद पाडायला. मग ते आत जायचे, डार्करूमला भेटायला, आणि आत गेलेच आहेत तर स्वतःचा एखादा फोटो काढून यायचे. दुपारपर्यंत त्याच्या दारात रांग लागली, आणि त्या रांगेलाही वेळ घालवायला मीच.

ऊन वर आलं तसा तो पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आला. “पाणी?”

“तुझ्या हातचं नको.”

“बरं,” म्हणून त्यानं माझ्यासमोर उभं राहून सावकाश पूर्ण ग्लास संपवला. वर गॅलरीत बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर घड्याळ. पळायची सोय नव्हती.

चारच्या सुमाराला काकू आल्या. एकट्या नाही, शिवणाच्या वर्गातल्या अकरा बायका घेऊन. सगळ्या माझ्यासमोर अर्धगोल करून उभ्या राहिल्या. येणारे-जाणारेही थांबले.

“मला सांग,” काकू म्हणाल्या, “माझे गुडघे दुखत होते की नव्हते?”

“होते.”

“मी बसायला मागितलं होतं की नाही?”

“मागितलं होतं.”

“मग उठवलंस का?”

मी वर बघितलं. बाईंनी वरूनच मान हलवली, खरं द्यायचं.

“मला वाटलं, तुम्ही बसलात तर तो जिंकेल.”

“आणि?”

“आणि माझी चूक झाली, काकू.”

“मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू येत नाही.”

“माझी चूक झाली.”

डार्करूम दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. तोंडावर दिवा बिवा काही नाही, नेहमीचाच अंधार.

“अजून एकदा,” तो म्हणाला. “आत गिऱ्हाईक बसलंय, त्यांनी नाही ऐकलं.”

मी आत तोंड करून अजून एकदा म्हणालो.